खंडोबाचा कुत्रा

खंडोबाचा कुत्रा हा महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील खंडोबा उपासनेत आढळणारा दैवी प्राणी आहे. तो देवाचा सोबती, शिकारी साथीदार व रक्षक मानला जातो. देवाला वाहिलेल्या 'वाघ्या' या भक्तालाही खंडोबाचा कुत्रा समजतात. रायगड जिल्ह्यातील उरण परिसरासह कोकण किनाऱ्यावरील अनेक आगरी व कोळी कुटुंबांचे खंडोबा हे कुलदैवत आहे.

स्वरूप व आख्यायिका

खंडोबा हा मार्तंड भैरवाचा अवतार मानला जातो. कुत्रा हे भैरवाचे वाहन असल्याने तो खंडोबाच्या परिवारातही येतो. देवघरातील टाकांवर आणि चित्रांत खंडोबा घोड्यावर आरूढ असतो, तर कुत्रा घोड्याच्या पायांजवळ दिसतो. काही चित्रणांत तो दैत्याच्या मांडीचा चावा घेताना दाखवलेला असतो.

आख्यायिकेनुसार मणी व मल्ल या दैत्यांशी युद्ध करताना मणीच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उत्पन्न होऊ लागला. तेव्हा कुत्र्याने ते रक्त जमिनीवर पडण्यापूर्वीच तोंडात झेलले, असे लोकपरंपरा सांगते. 'मल्हारी माहात्म्य' या ग्रंथात हे कार्य घृतमारी देवीकडे आहे.

उपासनेतील स्थान

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, बाजरीचे रोडगे व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवतात आणि कुत्र्यालाही त्यातील घास देतात. वाघ्या जवळ कोटंबा हे पात्र बाळगतो. काही विधींत वाघ्ये कुत्र्याप्रमाणे भुंकत आणि पात्रातील अन्न हात न लावता तोंडाने खात. कर्नाटकातील मैलार येथे मैलारलिंगाचे गोरव काळे कांबळे व अस्वलाचे कातडे परिधान करून असाच विधी करतात. दोणीतील दूध-केळी खाताना ते एकमेकांवर गुरगुरतात.

सामाजिक इतिहास

नवस फेडण्यासाठी मुलाला वाघ्या, तर मुलीला मुरळी म्हणून देवाला वाहण्याची प्रथा होती. कुत्र्याची भूमिका निष्ठेचे प्रतीक मानली गेली, तरी ती स्वीकारणारे मूल स्वतः निर्णय घेत नसे. मुरळी झालेल्या मुलीचा विवाह देवाशी लागल्याने तिला सामान्य संसार नाकारला जाई आणि अनेकींच्या वाट्याला शोषण येई. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रथेविरुद्ध जागृती केली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलींना देवास वाहणे बेकायदेशीर ठरवले.

आज जागरण-गोंधळातील वाघ्या-मुरळी बहुधा लोककलावंत म्हणून गातात. रा. चिं. ढेरे व गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा परंपरेचा विस्तृत अभ्यास केला आहे.

हेही पहा

खंडोबा, जेजुरी, वाघ्या-मुरळी, चंपाषष्ठी