बाटलींतली संजीवनी

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डाचा दिवस बाकीच्या शहराच्या फार आधीं सुरू होतो. नारायणगांव-मंचरकडचा भाजीपाला, सासवडकडून दिवे घाट उतरून येणारीं हंगामाहंगामाचीं अंजिरें व सीताफळें, परजिल्ह्यांतला कांदा-बटाटा, भुसार बाजाराचीं पोतीं, हें सर्व ट्रकांत आणि टेम्पोंत भरून रात्रींच वाट चालूं लागतें आणि उजाडण्यापूर्वीं गाळ्यांपुढें येऊन ठेपतें. नाशवंत माल कोणासाठीं थांबत नाहीं, आणि बाजारभाव तर त्याहूनही नाहीं. घाटांत इंजिन बंद पडलें तर त्या खेपेचें भाडें बुडतें, माल सडतो आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच पडतो. ज्याचा संसार एका टेम्पोवर चालतो आणि त्या टेम्पोचेही हप्ते अजून फिटावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीनें इंजिनाचें आयुष्य हा घरच्या चुलीचा प्रश्न असतो.

अशा गाडीवाल्यापुढें, आणि तितक्याच आग्रहानें शहरांतल्या मोटारवाल्या गृहस्थापुढें, एक लहानशी बाटली ठेवली जाते. ती इंजिनाच्या तेलांत ओतावी, म्हणजे झीज थांबेल, आवाज नाहींसा होईल, इंधन वांचेल, असें आश्वासन तिच्यावर छापलेलें असतें. बाजारांत तिला ॲडिटिव्ह म्हणतात. मराठींत पूरक द्रव्य म्हणतां येईल. दुसऱ्या बाजूस असते ती नियमित देखभाल, जिला गॅरेजांत सर्व्हिसिंग हें नांव आहे. ठराविक अंतरानें जुनें तेल काढावयाचें, गाळणी बदलावयाची, नवें तेल भरावयाचें. या कामांत चमत्कार कांहींच नाहीं. पैसे मात्र रोख मोजावे लागतात. या दोहोंपैकीं आपला पैसा कशावर खर्चावा, हा प्रश्न घरोघर निघतो. त्याचें उत्तर वंगणाच्या इतिहासांत चांगलें स्पष्ट सांपडतें.

चाक आलें तेव्हांपासून वंगण आलें. बैलगाडीच्या आसाला लाविलें जाणारें तें काळें चिकट तेल खेड्यांत 'ओंगण' या नांवानेंही ओळखलें जाई. दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वीं गाडीवान चाक उतरवी, आसावरचें धूळ-माती मिसळलेलें जुनें ओंगण चिंधीनें पुसून काढी, आणि मगच नवें लावी. जुन्यावर नवें थापून भागत नाहीं, हें त्याला पुस्तकावांचून ठाऊक होतें. धुळीचे कण तेलांत मिसळले म्हणजे तेंच तेल कानशीसारखें आस खातें, आणि त्याचा भुर्दंड बैलांच्या मानेला बसतो. पुढें जें शास्त्र उभें राहिलें, त्यांतली अर्धी गोष्ट गाडीवानाच्या या रिवाजांतच होती.

उरलेली अर्धी गोष्ट रेल्वेनें उघड केली. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं सुरू झाली आणि १८५८ मध्यें रूळ पुण्याला येऊन पोंचले. आगगाडीच्या आसावर बैलगाडीच्या कितीतरी पट भार. शिवाय वेग मोठा. हा आस पितळी बेअरिंगांत फिरतांना तेल नेमकें काय करतें, हें मात्र कोणास नीट सांगतां येत नव्हतें. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरानें त्याचे प्रयोग केले. बेअरिंगाच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठीं एक भोंक होतें. आस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर उसळूं लागलें. टॉवरनें बूच मारलें, तें उडालें. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेंकली गेली. दाब मोजण्याचें यंत्र जोडलें तेव्हां कांटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. तेव्हां कळून चुकलें कीं, धातू धातूवर घासतच नाहीं. फिरता आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या दाबलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानें १८८६ मध्यें याचें गणित मांडलें. त्याच वर्षीं पुण्यांत रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उघडलें होतें आणि तेथें भाजी आणणाऱ्या बैलगाड्यांचे आस जुन्याच रिवाजानें वंगणले जात होते. पुढें मंडईंतला घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला आणि बैलगाड्यांची जागा ट्रकांनीं घेतली. तेलाच्या थराचा नियम मात्र तोच राहिला. योग्य जाडीचें, स्वच्छ तेल पुरेसें असेल तर चालत्या बेअरिंगाची झीज फारच थोडी होते.

आतां तेलाकडे वळूं. अमेरिकेंत १८५९ सालीं पेन्सिल्व्हानियांतील टिटसव्हिल येथें ड्रेकच्या विहिरींतून खनिज तेल निघालें. आसामांत डिगबोई येथें १८८९ मध्यें तेल लागलें आणि १९०१ मध्यें तेथें शुद्धीकरणाचा कारखाना चालू झाला. मोटारगाडी आली तेव्हां हें खनिज तेल तिच्या इंजिनांत पडूं लागलें. त्या तेलांत दुसरें कांहींच मिसळलेलें नसे. तें लवकर काळें होई, त्यांत गाळ धरे, आणि हजार मैलांच्या आंतच तें बदलावें लागे. त्याच्या जोडीला आपल्या घरोघरचें एरंडेलही होतें. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ मध्यें तेलांत एरंडेलाचा अंश घालून 'कॅस्ट्रॉल' हें नांव दिलें. एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच तें बनलें आहे. पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या इंजिनांतही एरंडेल वापरलें जाई. तें धातूला घट्ट चिकटून राही, पण फार तापलें म्हणजे त्याचा चिकट डिंक बने. एक गुण मिळवावा तर दुसरा दोष पदरीं येतो, असा हा पहिला धडा होता.

पूरक द्रव्यांचा खरा जन्म १९३० नंतरच्या दशकांतला. त्या वेळच्या नव्या डिझेल इंजिनांत काजळी आणि राळ सांचून पिस्टनच्या रिंगा खांचांत चिकटून बसत. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंत तेलांत साबणासारखीं द्रव्यें घालून पाहण्यांत आलीं. तीं काजळी धरून ठेवीत आणि रिंगा मोकळ्या राहत. पुढील दशकांत जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग वापरांत आलें. थर तुटून धातू धातूला लागण्याच्या क्षणीं तें पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरतें. मग गंज रोखणारीं, फेंस मोडणारीं, थंडींत पातळ व उन्हाळ्यांत घट्ट ठेवणारीं द्रव्यें आलीं. १९४७ मध्यें अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें इंजिनाच्या कामाप्रमाणें तेलांचे साधें, उत्तम आणि अवजड कामाचें असे तीन वर्ग पाडले. आज डब्यावर दिसणाऱ्या अक्षरांच्या प्रतवारीचें मूळ तेथें आहे.

याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पूरक द्रव्यें हें थोतांड मुळींच नव्हे; त्यांच्यावांचून आजचें इंजिन फार काळ टिकणार नाहीं. परंतु तीं तेलाच्या डब्यांत आधींच घातलेलीं असतात. आजच्या चांगल्या तेलांत शेंकडा १० ते २५ इतका भाग त्यांचाच असतो. तीं बनविण्याचा उद्योगही महाराष्ट्राच्या घरचाच आहे. १९६६ मध्यें स्थापन झालेल्या लुब्रिझॉल इंडिया या कंपनीचा कारखाना नवी मुंबईंत तुर्भे येथें आहे, आणि तेल कंपन्यांना लागणारीं पूरक द्रव्यें तेथें तयार होतात. इंजिनांवर दीर्घ चांचण्या घेऊन त्यांचें प्रमाण ठरवावें लागतें, कारण एक द्रव्य वाढविलें तर दुसऱ्याचें काम बिघडूं शकतें. गृहिणीनें मीठ-मसाला बेतानें घालून उतरविलेल्या आमटींत पाहुण्यानें आपल्या खिशांतली पुडी ओतावी, तसा प्रकार वरून बाटली ओतण्यांत होतो.

सुट्या बाटल्यांच्या व्यापाराचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेंत १९५४ मध्यें एस्टीपी हा व्यवसाय सुरू झाला. त्याचें द्रव्य लाविलेलें स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक बोटांतून निसटतें, हें जाहिरातींत दाखविलें जाई, आणि लोक तें पाहून भुलत. बोटांतून टोंक निसटणें आणि इंजिनाची झीज थांबणें यांचा संबंध फारच थोडा. तेल कमी जळतें या दाव्याला पुरेसा आधार नसल्याबद्दल तेथील संघराज्य व्यापार आयोगाशीं झालेल्या समेटांत कंपनीला १९७८ मध्यें ५ लाख डॉलर दंड आणि जाहीर सूचना छापण्यासाठीं आणखी २ लाख डॉलर भरावे लागले. 'स्लिक ५०' या दुसऱ्या नामांकित द्रव्यावर १९९६ मध्यें आयोगानें ठपका ठेवला आणि १९९७ मध्यें प्रकरण मिटलें. गाडी सुरू करतांना होणारी झीज निम्म्यानें घटते हा त्याचा दावा होता. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेल वापरलें तर बहुतेक इंजिनांना सुरू होतांना पुरेसें संरक्षण मिळतेंच, असें आयोगाचें म्हणणें होतें.

मात्र याचा अर्थ तेल जितक्या लवकर बदलावें तितकें बरें, असाही नाहीं. १९९६ मध्यें अमेरिकेंतील एका ग्राहकसंस्थेच्या मासिकानें न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर प्रयोग केला. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालविली. कांहींचें तेल दर ३,००० मैलांनीं बदललें, कांहींचें ६,००० मैलांनीं. शेवटीं इंजिनें उघडून मोजलीं, तेव्हां दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाहीं. कारखान्यानें ठरविलेली मुदत पाळणें हें शहाणपण आहे. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून ती उगाच निम्मी करणें हा पुन्हा पैशाचा अपव्ययच.

तेल म्हातारें कां होतें, हें पाहिलें म्हणजे बाटलीचें बळ किती तें कळतें. जळणाची काजळी, न जळलेलें इंधन, पाण्याची वाफ, आम्लें आणि धातूचा सूक्ष्म चुरा हीं सारीं तेलांत उतरतात. साफ करणारीं द्रव्यें आपलें काम करतां करतां खर्ची पडतात, आणि गाळणी भरत जाते. नवी बाटली ओतली तरी यांतली काजळी बाहेर पडत नाहीं, भरलेली गाळणी रिकामी होत नाहीं. तें काम जुनें तेल काढून टाकल्यानेंच होतें. आस पुसून मग वंगण लावणारा गाडीवान हेंच करीत होता.

नव्या गाड्यांच्या बाबतींत तर बाटलींत धोकाही आहे. धूर शुद्ध करण्यासाठीं सायलेन्सरच्या मार्गांत बसविलेलें उपकरण फॉस्फरसनें निकामी होत जातें. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलासाठीं २००४ मध्यें आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानें फॉस्फरसची मर्यादा शेंकडा ०.०८ इतकी आणली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि असलीं उपकरणें अधिकच नाजूक व महाग झालीं. जस्त-फॉस्फरसची वेगळी भर घालून हें मोजमाप बिघडविणें म्हणजे तेलावर थोडे पैसे घालवून उपकरणावर पुष्कळ घालविणें होय. जुन्या, धूर सोडणाऱ्या इंजिनांत घट्ट द्रव्य ओतलें तर आवाज आणि धूर कांहीं दिवस कमी होतो, हें खरें. पण झिजलेल्या रिंगा त्यानें भरून येत नाहींत. ताप न तपासतां थर्मामीटर फोडण्यासारखें तें आहे. जुनी गाडी विकत घेणारानें तर हें विशेष लक्षांत ठेवावें. सौदा ठरेपर्यंत इंजिनाला गप्प ठेवण्याची ही युक्ति बाजारांत नवी नाहीं.

उलट देखभालीची साक्ष मार्केट यार्डापासून जवळच सांपडते. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. स्वारगेटसारख्या आगारांतून धुळीचे, खाचखळग्यांचे, घाटांचे रस्ते तुडवीत ही एस्टी खेडोपाडीं पोंचली, ती ठराविक अंतरानें होणाऱ्या तपासणीच्या आणि तेलपाण्याच्या शिस्तीवर. गाडी कोणती, तिचें तेल कधीं बदललें, पुढें कधीं बदलावयाचें, ही नोंद हेंच त्या कामाचें मुख्य औषध आहे.

घरच्या मोटारीला किंवा मार्केट यार्डांतल्या टेम्पोला निराळें शास्त्र लागत नाहीं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत तेलाची प्रत आणि मुदत दिलेली असते. तीच प्रमाण मानावी. धूळ, जड ओझें, घाट, आणि शहरांतली घडोघडीं थांबणारी छोटी फेरी हें कष्टाचें काम समजावें. अशा वापरासाठीं पुस्तिकेंत जी कमी मुदत सांगितलेली असते, ती पाळावी. तेलाबरोबर गाळणीही बदलावी. सपाट जागीं गाडी उभी करून तेल मोजण्याची काडी अधूनमधून पाहावी. पातळी उतरली असेल तर त्याच प्रतीचें तेल भरावें, आणि वारंवार उतरत असेल तर मिस्त्रीला इंजिन दाखवावें. तेल ओळखीच्या दुकानांतून, मोहर शाबूत असलेल्या डब्यांतून घ्यावें. तारीख आणि किलोमीटर वहींत लिहून ठेवावे.

या साऱ्याला वर्षाकाठीं जो खर्च येतो, तो इंजिन उतरवून पुन्हा बांधण्याच्या खर्चापुढें किरकोळ असतो. सर्व्हिसिंगचे पैसे वांचविण्यासाठीं जो बाटली घेतो, त्याचे बाटलीचे पैसे जातात, मुदत टळते आणि शेवटीं इंजिनही जातें. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, ही म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. ज्या टेम्पोच्या वहींत तारखा वेळच्या वेळीं पडतात, तो मात्र दिवे घाट उतरून मालासह पहांटे गाळ्यापुढें हजर असतो.