विजयदुर्गचे ‘साहेबाचे ओटे’ आणि हेलियमची जन्मकथा

कोकणची सहल करून आलेली आपली मंडळी विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ आवर्जून पाहून येतात. १८६८ साली लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून ग्रहण पाहिले आणि हेलियम वायू शोधला, ही माहितीही ते सोबत आणतात. १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. मी रेल्वेतला डिप्लोमा झालेला अभियंता. आकाशनिरीक्षण हा केवळ छंद. पण आयुष्य वेळापत्रकात गेलेल्या माणसाला तारखा जुळल्या नाहीत की चैन पडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे शास्त्र. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे होतात, हे आपण शाळेत शिकलो. तापलेल्या वायूतील प्रत्येक मूलद्रव्य या रंगपट्ट्यात आपापल्या ठराविक जागीच रेषा उमटवते. आपल्या यार्डातले पिवळे सोडियमचे दिवे आठवा. तो पिवळेपणा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवरील दोन रेषांचा. अशा रेषा दाखवणारे उपकरण म्हणजे वर्णपटदर्शक.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे थोर ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांचे नातू, ढगांच्या फटीतून वेध घेत होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे रेषांवरून कळले. त्यांत एक पिवळी रेषाही होती. जान्सेन यांनी तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या.

त्या वेळी नॉर्मन लॉकियर कोठे होते? इंग्लंडात! युद्धखात्यात ते कारकून होते, विद्यापीठाची पदवी नव्हती. घरच्या बागेत सव्वासहा इंची दुर्बीण मांडून फावल्या वेळी निरीक्षण करीत. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनीही ग्रहणाविना ज्वाळांच्या रेषा टिपल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पिवळी रेषा सोडियमच्या जागी नसून ५८७.६ वर आहे, म्हणजे हे द्रव्य निराळेच, असे लॉकियर यांचे मत झाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. पृथ्वीवर तो रॅम्से यांना एका युरेनियमच्या खनिजात मिळाला, तो १८९५ साली.

लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ युद्धनौकेच्या खलाशांनी त्यांना मदत केली. म्हणजे ओटे खरे, साहेबही खरा, फक्त साल तीस वर्षांनी चुकले. शिवाय श्रावणातल्या कोकणात ग्रहण पाहायला कोण मुद्दाम जाईल?

रेल्वेवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. १८९८ चे बरेच तळ लोहमार्गालगत पडले : जेऊर, पुलगाव, तळणी, आणि आपल्याकडचे शहडोल. जड उपकरणे न्यायची तर रेल्वे हवीच. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भारतीयाच्या नेतृत्वाखाली मोहीम नेली. तळणीला उतरलेले जॉन एव्हरशेडही हौशीच. नोकरी रासायनिक पृथक्करणाची, वेधशाळा इंग्लंडात घरची. त्यांनी तेथे सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली. १९०७ साली ते कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाले आणि सौरडागांतील वायूच्या प्रवाहाचा त्यांचा शोध आजही ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ओळखला जातो.

खरे सांगितल्याने विजयदुर्गची शान कमी होत नाही. उलट दंतकथेमागे झाकलेली जमखंडी, जेऊर आणि तळणी ही नावे उजेडात येतात. आणि मुलांना याहून मोलाची गोष्ट कळते : नवे मूलद्रव्य ओळखायला राजवाडा लागला नाही, किल्लाही नाही; एका कारकुनाची बाग पुरली. तेव्हा पुढल्या सहलीत ओट्यांवर उभे राहून मुलांना जरूर सांगा, पण साल १८९८ सांगा.