छपराचा बंदोबस्त

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी, पूर्वेस अटलांटिक महासागर आणि पश्चिमेस एव्हरग्लेड्सची विस्तीर्ण दलदल यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या मायामी शहरात एखाद्या जुन्या घराचे शिंगलांचे छप्पर उतरवून नवे घालावयाचे झाले, म्हणजे भिंतीला शिडी लागण्यापूर्वी सरकारी परवाना हाती यावा लागतो. जुने आवरण निघून खालच्या फळ्या उघड्या पडल्या, की त्या आधाराच्या लाकडांना पुन्हा नव्या खिळ्यांनी जखडाव्या लागतात. आणि ते खिळे झाकले जाण्यापूर्वी तपासनिसाच्या नजरेखालून जावे लागतात. शिंगल कोणत्या प्रतीचे असावे, त्याला खिळे किती मारावेत, वळचणीची कड कशी बांधावी, या सर्वांची कलमवार तजवीज कायद्यात केलेली आहे. तेथे नव्याने राहावयास गेलेल्या गृहस्थास हा बंदोबस्त जाचक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या कलमांचा पूर्वेतिहास पाहू लागले, की त्यांच्यामागे वादळाच्या रात्री उभ्या असलेल्या दिसतात, आणि घर शाकारण्याचे साधे काम हे त्या शहराने आपल्या आपत्तींचे स्मरण राखण्याचा एक मार्ग आहे, हे ध्यानात येते.

शिंगल म्हणजे छपराच्या उतरत्या पाख्यावर, माशाच्या खवल्यांप्रमाणे, वरच्या ओळीने खालच्या ओळीचे डोके झाकीत बसविलेला पातळ तुकडा. पावसाचे पाणी वरून खाली वाहते, तोवर ही रचना निर्दोष होय. पण प्रत्येक तुकड्याची खालची कड मोकळी राहते, आणि वारा नेमका तेथेच बोट घालतो. वारा छप्पर खाली दाबतो असा आपला सहज समज असतो. वस्तुतः घरावरून वेगाने वाहणारी हवा पाख्याच्या वर दाब कमी करते आणि छपरास वर ओढू लागते. ही ओढ कोपऱ्यांशी, कडांशी आणि आढ्याशी सर्वांत तीव्र असते. त्यातच एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला, तर खालून रेटा आणि वरून ओढ अशा दुहेरी बळात छप्पर सापडते. म्हणून झंझावाताच्या मुलखात घर टिकते ते भिंतींच्या जाडीपेक्षा सांध्यांच्या बळावर: शिंगल फळीशी, फळी कैचीशी, कैची भिंतीशी आणि भिंत पायाशी किती घट्ट बांधली आहे, यावर.

या भूमीचे जुने रहिवासी असलेले सेमिनोल लोक सायप्रस वृक्षाच्या खांबांवर ताडवर्गीय झाडांची पाने शाकारून भिंतींवाचून मोकळ्या मांडवात राहत. पुढे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि बहामा बेटांतून आलेल्या कृष्णवर्णी कारागिरांनी तेथील राळयुक्त, लोखंडासारख्या कठीण पाइनच्या लाकडाची घरे उभारली आणि त्यांवर लाकडी शिंगलांची छपरे चढविली. कोकोनट ग्रोव्ह या उपनगरात राल्फ मन्रो या नौकांचे आराखडे करणाऱ्या गृहस्थाने 1891 मध्ये फुटलेल्या जहाजांचे लाकूड वापरून बांधलेले ‘बार्नाकल’ नावाचे घर आजही उभे आहे. समुद्रावर वाऱ्याशी ज्याचा नित्य व्यवहार, त्याने बांधलेले ते घर 1926 आणि 1992 या दोन्ही सालांच्या वादळी प्रलयांतून सुखरूप राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या धंद्यात एक मोठे स्थित्यंतर घडले. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे हेन्री रेनॉल्ड्स या छपरांच्या ठेकेदाराने डांबरात भिजविलेल्या व दगडी चुऱ्याने मढविलेल्या नमद्याच्या गुंडाळ्या कापून त्यांची शिंगले केली. लाकडी शिंगलांवर उडालेल्या एका ठिणगीने सारी पेठ भस्मसात होण्याचे प्रकार अमेरिकेत वारंवार घडत असल्यामुळे आगीचे विमे उतरविणाऱ्या मंडळींनी लाकडाविरुद्ध चळवळच आरंभिली होती. डांबरी शिंगल स्वस्त, हलके, बसविण्यास सोपे आणि आगीला लाकडाइतके सहज बळी न पडणारे. तेव्हा त्याचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु ही पसंती अग्नीच्या भयातून झाली होती, आणि वाऱ्याची परीक्षा अद्याप व्हावयाची होती.

ती परीक्षा मायामीस 18 सप्टेंबर 1926 रोजी द्यावी लागली. 1896 मध्ये रेल्वेच्या आगमनाबरोबर जन्मलेले हे शहर तीस वर्षांत जमिनीच्या सट्ट्यावर अफाट फुगले होते. जॉर्ज मेरिक यांनी कोरल गेबल्स वसविताना क्यूबातून जुनी कौले आणविली खरी, पण इतरत्र घाईने, काटकसरीने आणि पुष्कळदा अनुभवशून्य हातांनी घरे उभी राहिली होती. वादळ रात्री आले. पहाटे त्याचा नेत्र शहरावरून जाऊ लागला, वारा एकाएकी पडला, आणि संकट टळले असे समजून माणसे रस्त्यांवर आली, कोणी गाड्या काढून मायामी बीचच्या सेतुमार्गावर निघाली. हवामान कचेरीचे प्रमुख रिचर्ड ग्रे यांनी लोकांना परत फिरण्याविषयी कळकळीने बजावले. पण अवघ्या अर्ध्या तासाच्या त्या शांततेनंतर उलट दिशेने आलेल्या वाऱ्याने अनेकांना उघड्यावर गाठले. वायुभारमापकातील पारा 27.61 इंचांपर्यंत उतरला होता. मृतांची संख्या शेकड्यांत गेली. या आघातानंतरच त्या प्रदेशात बांधकामाच्या नियमांकडे लोक गांभीर्याने पाहू लागले.

1957 मध्ये, मायामी जिच्यात मोडते त्या डेड काउंटीने ‘साउथ फ्लोरिडा बिल्डिंग कोड’ अंमलात आणला आणि अमेरिकेतील अत्यंत कडक बांधकाम-नियमांत त्याची गणना होऊ लागली. त्या काउंटीचे नियम घडविण्यात ज्यांचा हात होता, ते अभियंते हर्बर्ट सॅफिर यांचे नाव पुढे जगभर झाले, ते वादळांच्या श्रेणींमुळे. संयुक्त राष्ट्रसंघासाठी झंझावाती प्रदेशांतील अल्प खर्चाच्या घरांचा अभ्यास करीत असता, वाऱ्याच्या कोणत्या वेगास घराची कोणती हानी होते, हे सांगणारी एक ते पाच अशी मोजणी त्यांनी 1969 च्या सुमारास बसविली. रॉबर्ट सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञांनी तिला सागराच्या उधाणाची जोड दिली. आज वृत्तपत्रांत ज्या श्रेणीने वादळाचे सामर्थ्य सांगितले जाते, ती अशी गरिबांच्या छपरांच्या चिंतेतून निपजली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परंतु कायद्याला जागे ठेवणारी भीती ओसरली, म्हणजे कायदाही झोपी जातो. 1965 च्या बेट्सी वादळानंतर सत्तावीस वर्षे या काउंटीवर मोठे वादळ थेट आदळले नाही. 1960 मध्ये साडेनऊ लाखांच्या आत असलेली लोकवस्ती 1990 मध्ये एकोणीस लाखांवर गेली. शेतांच्या जागी वसाहती उठल्या. आणि त्या घाईत नियमांत एकेक सवलत शिरत गेली. प्लायवूडच्या जागी लाकडाच्या चिपांच्या दाबीव फळ्या आल्या, खिळ्यांच्या जागी यंत्राने क्षणात ठोकले जाणारे स्टेपल आले, आणि घरांच्या संख्येच्या मानाने तपासनीस अपुरे पडले. फळीवर मारलेला स्टेपल खालच्या लाकडात उतरला की त्याच्या शेजारून पोकळीत गेला, हे वरून कोणास दिसत नाही. शिंगल त्यावर चढले, की चूक झाकली जाते आणि वाऱ्याची वाट पाहत पडून राहते.

24 ऑगस्ट 1992 रोजी पहाटे अँड्र्यू नावाचा झंझावात होमस्टेड गावाजवळ किनाऱ्यास लागला, तेव्हा त्या झाकलेल्या चुका एका रात्रीत उघड्या पडल्या. वाऱ्याचा वेग ताशी 165 मैलांपर्यंत गेला असल्याचे पुढे निश्चित झाले. पंचवीस हजारांहून अधिक घरे नष्ट झाली, एक लाखाहून अधिक घरांची नासधूस झाली. कोरल गेबल्स येथील राष्ट्रीय झंझावात केंद्राच्या छतावरील रडारदेखील उडून गेले. नंतर ढिगारे चाळणाऱ्या अभियंत्यांना अशा फळ्या सापडल्या, की ज्यांतील स्टेपलांनी आधाराच्या लाकडास स्पर्शही केला नव्हता. पाख्यांच्या टोकांशी असलेल्या त्रिकोणी भिंती पुरेशा टेकूंअभावी आडव्या झाल्या होत्या. आणि चुन्यात नुसती बसविलेली कौले शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर तोफगोळ्यांसारखी आदळली होती. काउंटीच्या ग्रँड ज्युरीने तपासणीतील ढिलाईवर स्पष्ट ठपका ठेवला. जुनी, साधी, मन लावून बांधलेली घरे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली आणि नव्या वसाहती जमीनदोस्त झाल्या, हा त्या रात्रीचा सर्वांत दुःखदायक दाखला होय. कारण ती हानी केवळ निसर्गाची नव्हती.

त्यानंतर जो बंदोबस्त झाला, तोच आजच्या छपराच्या परवान्यात वाचावयास मिळतो. स्टेपल हद्दपार झाले. अंगावर कड्या असलेले, सहजी न उपटणारे खिळे आले. बाजारात येणाऱ्या प्रत्येक छप्परमालास काउंटीची मंजुरी बंधनकारक झाली. 9 पौंडांची लाकडी फळी तोफेतून झाडून खिडक्यांच्या झडपांची परीक्षा होऊ लागली. 1 मार्च 2002 पासून सर्व फ्लोरिडा राज्यास एकच संहिता लागू झाली, आणि मायामी-डेड (पूर्वीची डेड) व ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांसाठी तिच्यात ‘अतिवेगवान झंझावात क्षेत्र’ या नावाने अधिक कडक नियम घालण्यात आले. तेथे एका शिंगलास सहा खिळे मारावे लागतात.

तथापि नवा कायदा नव्या घरास लागू होतो. जे घर आधीच उभे आहे, त्याच्यापर्यंत तो पोहोचावा कसा? चालत्या घराच्या भिंती कोणी उकलीत नाही. पण फ्लोरिडाच्या उन्हात डांबर पंधरा-वीस वर्षांत कोरडे पडते, दगडी चुरा झडू लागतो, एक शिंगल दुसऱ्यास चिकटवून धरणारी पट्टी आपली पकड सोडते, आणि मग छप्पर बदलणे भाग पडते. त्या दोन-चार दिवसांत घराचा सांगाडा आकाशाखाली उघडा असतो. दुरुस्तीची जी संधी एरवी कधीच लाभत नाही, ती तेव्हा आपोआप चालून येते. कायद्याने ही संधी ओळखली. 2007 पासून, जुन्या घराचे छप्पर बदलताना फळ्या नव्याने ठोकणे आणि शिंगले उडाली तरी पाणी आत येऊ नये असा दुसरा थर घालणे आवश्यक करण्यात आले. मौल्यवान घरांच्या बाबतीत छप्पर भिंतींशी जखडण्याच्या कामाचीही त्यात भर पडली. अशा रीतीने, ज्या घराच्या बांधणाऱ्यास अँड्र्यूचे नावही ठाऊक नव्हते, त्या घरातही अँड्र्यूचा धडा वीस वर्षांनी का होईना, छपराच्या वाटेने उतरतो.

यात एक वेदनेची बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. हा धडा फुकट मिळत नाही. छप्पर जुने झाले, की विमा उतरविणारे हात आखडतात. विमा नसला, तर कर्ज देणारे घर अडवितात. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही, तो निळी ताडपत्री अंथरून पुढच्या ऋतूची वाट पाहतो. 2005 च्या विल्मा वादळानंतर अशी निळी छपरे मायामीत कितीतरी काळ दिसत होती. घरे बळकट करण्यासाठी राज्याने 2006 मध्ये अनुदानाची योजना काढली आणि 2022 मध्ये ती पुन्हा सुरू केली, हे उचितच झाले. कारण सैल छप्पर एकट्या मालकाचे राहत नाही, त्याच्या फळ्या शेजाऱ्याच्या खिडकीवर जातात. जे नुकसान सर्वांचे होणार, त्याच्या प्रतिबंधाचा भार एकट्या गरिबाच्या शिरावर टाकणे न्याय्य नव्हे.

आज तेथील छपरांवर काम करणारे पुष्कळ मजूर मध्य अमेरिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आलेले असतात. ज्या टायनो लोकांच्या भाषेतील ‘हुराकान’ या शब्दावरून इंग्रजीने वादळाचे नाव घेतले, त्यांचीच ही बेटे. भर उन्हात गुडघ्यांवर बसून ते फळीफळीवर खिळ्यांच्या ओळी ठोकीत जातात. मग तपासनीस शिडी चढून येतो, ओळी पाहतो, एखादा खिळा चुकला असेल तेथे बोट ठेवतो, आणि दाखल्यावर सही करतो. दुसऱ्या दिवशी त्यावर आवरण चढते, शिंगले चढतात, आणि ते खिळे पुढील पंधरा-वीस वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. खाली निजलेल्या मुलांना त्यांचे अस्तित्व ठाऊकही नसते. ते ठाऊक होण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच तो तपासनीस त्या उन्हात वर चढलेला असतो.