जस्त, मेंढी आणि अनुभवजन्य ज्ञान : न्यूझीलंडमधील एक अध्याय

न्यूझीलंडच्या कृषी-इतिहासात मेंढ्यांच्या ‘फेशियल एक्झिमा’ या रोगास विशेष महत्त्व आहे. १९३८ साली उत्तर बेटावर त्याची तीव्र साथ आली. त्वचेवर दिसणाऱ्या या रोगाचे मूळ मात्र यकृतात होते. कुरणातील मृत गवतावर वाढणाऱ्या बुरशीचे विष यकृतास इजा करते, हे उलगडण्यास सुमारे दोन दशके लागली. १९७० च्या दशकात ‘ते आरोहा’ येथील शेतकरी ग्लॅडिस रीड यांनी जनावरांना जस्त देण्याचा उपाय आग्रहाने मांडला. तज्ज्ञांनी आरंभी तो नाकारला. पुढे रुआकुरा संशोधन केंद्रातील प्रयोगांनीच त्यास पुष्टी दिली. १९८३ मध्ये रीड यांना ‘ओबीई’ हा सन्मान लाभला. अतिरिक्त जस्तही विषारी ठरते. म्हणून मात्रानिश्चितीसाठी प्रयोगशाळा आवश्यकच होती. तात्पर्य, शेतकऱ्याचा अनुभव आणि शास्त्रीय परीक्षण ही ज्ञानाची परस्परपूरक साधने होत.