धुरातला एरंड

मोटारसायकलीच्या वासावरून तिचे दुखणे ओळखण्याची विद्या मेकॅनिक मंडळींकडे जुनीच आहे. कच्च्या पेट्रोलचा वास आला, की कार्बोरेटरमधला फ्लोट अडकला असेल किंवा पेट्रोलची नळी चिरली असेल, असे ते गाडी उघडण्याआधीच सांगतात. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकापाशी इंधनातल्या गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड होत असते. घासलेटचा वास आला तर संशय भेसळीचा. परंतु एक वास या यादीत कुठेच बसत नाही. शर्यतीच्या जुन्या मोटारसायकली चालू केल्या, की त्यांच्या निळसर धुराला गोडसर, खमंग, काहीसा उग्र असा वास येतो. पेट्रोलला तसा वास नसतो, खनिज तेलाच्या वंगणालाही नसतो. हा वास ज्यांनी एकदा घेतला, ते तो विसरत नाहीत. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा धावमार्ग आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटारसायकल शर्यती, दोन्ही १९०७ साली सुरू झाल्या. तिथल्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींत इंजिनांच्या आवाजाइतकाच हा वास भरलेला असतो.

हा वास आहे एरंडेल तेलाचा. आपल्याकडे घरोघरी लहान मुलांना नाक दाबून पाजले जाणारे, तेच एरंडेल.

शर्यतीच्या इंजिनात एरंडेल कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या भाषेने एरंडाला काही फारसा मान दिलेला नाही. ऊस पिळण्याऐवजी एरंड पिळत बसावे, तशा निष्फळ चर्चेला आपण ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतो. बांधावर, उकिरड्यावर, रेल्वेच्या कडेला आपोआप उगवणारे हे झाड. त्याच्या तेलाचा उपयोग दिव्यासाठी, कातड्यासाठी, बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून. गेल्या शतकाच्या आधी हिंदुस्थानातल्या रेल्वेनेही दिव्यांत आणि वंगणासाठी ते वापरले. म्हणजे वंगण म्हणून त्याची ओळख आपल्याला नवी नव्हती. नवे होते ते इंजिन.

आधी तेलाच्या रेणूकडे पाहू, कारण पुढची सगळी कथा त्यातल्या एका लहानशा गटाभोवती फिरते. शेंगदाणा, करडई, तीळ यांच्या तेलांप्रमाणे एरंडेलही ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे संयुग आहे. फरक आहे तो मेदाम्लात. एरंडेलातले ८५ ते ९० टक्के मेदाम्ल म्हणजे रिसिनोलिक आम्ल. त्याच्या साखळीत १८ कार्बन असतात आणि बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक हायड्रॉक्सिल गट असतो. इतर खाद्यतेलांच्या मेदाम्लांत हा गट नसतो. या गटांमुळे शेजारशेजारचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. म्हणून एरंडेल इतके दाट. ४० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता शेंगदाणा तेलाच्या सुमारे सहा पट भरते. हेच गट धातूच्या पृष्ठभागालाही चिकटतात, त्यामुळे तापलेल्या सिलिंडरवर तेलाचा थर टिकून राहतो. आणि तिसरी गोष्ट, पेट्रोलसारख्या निव्वळ हायड्रोकार्बन द्रवात एरंडेल नीट विरघळत नाही.

ही तिसरी गोष्ट वर्गात सहज दाखवता येते. एका परीक्षानळीत थोडे शेंगदाणा तेल आणि दुसरीत तेवढेच एरंडेल घ्या. दोन्हींत औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन घालून हलवा. शेंगदाणा तेल मिसळून जाईल, एरंडेल वेगळे होऊन तळाशी बसेल. मग दुसऱ्या दोन नळ्या घेऊन तेलाच्या साडेतीन पट ९० टक्के अल्कोहोल घाला (ज्योत जवळपास नको). आता निकाल उलटा लागेल, म्हणजे एरंडेल स्वच्छ विरघळेल आणि शेंगदाणा तेल खाली राहील. औषधनिर्मितीच्या संहितांमध्ये एरंडेलाची शुद्धता पारखण्यासाठी अशीच विद्राव्यतेची कसोटी दिलेली असे. पेट्रोल घेऊन मात्र हा प्रयोग वर्गात करू नये.

आता इंजिनाकडे वळू. पॅरिसमध्ये फेलिक्स मिले नावाच्या गृहस्थाने १८८८ साली एका विलक्षण दुचाकीचे पेटंट घेतले. तिच्या मागच्या चाकातच पाच सिलिंडर चक्राच्या आऱ्यांसारखे बसवलेले होते. मधला दांडा स्थिर आणि सिलिंडरच त्याच्याभोवती फिरणार, चाकासकट! १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. मोटारसायकल म्हणून ती चालली नाही, पण फिरत्या सिलिंडरांची कल्पना मागे राहिली. ती विमानाच्या कामी आणली लुई आणि लॉरां सेगॅं या भावांनी. त्यांचे ‘नोम’ इंजिन १९०८–०९ च्या सुमारास तयार झाले. सात सिलिंडर, ५० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ७५ किलो. पंखा आणि सिलिंडर एकत्र गरगर फिरत असल्याने त्यांना हवेनेच थंडावा मिळे, पाण्याची टाकी लागत नसे. ऑगस्ट १९०९ मध्ये रॅंस येथील विमानमेळाव्यात आंरी फार्मनने हेच इंजिन लावून १८० किलोमीटर अंतर कापले आणि अंतराचे बक्षीस मिळवले. त्यानंतर काही वर्षे विमान म्हटले, की फिरते इंजिन असेच समीकरण झाले.

या इंजिनात एक अडचण होती. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पोकळ दांड्यातून इंजिनाच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये यायचे आणि तिथून सिलिंडरमध्ये जायचे. ज्या पोटात वंगण, त्याच पोटात पेट्रोल. खनिज तेलाचे वंगण घातले, तर पेट्रोल ते विरघळवून धुऊन नेणार आणि धातूवर धातू घासणार. या ठिकाणी एरंडेलाचा हट्टीपणा कामाला आला. पेट्रोल त्याला सहज धुऊन नेऊ शकत नाही. फिरत्या सिलिंडरांच्या केंद्रोत्सारी प्रेरणेने तेल बाहेरच्या बाजूला फेकले जाई आणि काम संपले, की धुराबरोबर उडून जाई. ते परत गोळा करण्याची सोयच नव्हती. दर तासाला काही लिटर तेल हवेत जायचे. त्यातले बरेचसे वैमानिकाच्या तोंडावर. इंजिनाभोवती घोड्याच्या नालासारखे पत्र्याचे आवरण बसवत, ते मुख्यतः हा फवारा खाली वळवण्यासाठी. हे तेल पोटात जाऊन वैमानिकांची जी फजिती होई, तिच्या कथा फार रंगवून सांगितल्या जातात. आम्ही त्यांकडे थोड्या संशयाने पाहतो, पण चष्मा पुसायला गळ्यात रुमाल हवाच, हे मात्र खरे.

शर्यतीच्या मोटारसायकलवाल्यांनाही हा गुण हवा होता. तिथे अडचण वेगळी होती. इंजिन फार तापते, फार वेगाने फिरते आणि त्या काळची खनिज तेले इतक्या उष्णतेत पातळ होऊन जात. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले वंगण विकायला काढले आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याचे नाव ठेवले कॅस्ट्रॉल. आज आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर दिसणारे हे नाव एरंडावरून आलेले आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते.

१९१४ साली युद्ध सुरू झाले आणि एरंडी एकाएकी युद्धसामग्री बनली. त्यापूर्वी जगातला एरंडीचा व्यापार मुख्यतः हिंदुस्थानातून होत असे. बिया जहाजांनी मार्से आणि हल येथील तेलगिरण्यांना जात. पेरणी आणि काढणी करणाऱ्या शेतकऱ्याला आपले बी कोणाच्या विमानात जळते, हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत त्या युद्धातल्या विमानांची चित्रे असतात, वैमानिकांची नावे असतात. हे तेल कोणाच्या रानातून आले, याचा उल्लेख आम्हांला क्वचितच आढळतो. ही उणीव छोटी नाही असे आमचे मत आहे, कारण समुद्रावर ताबा असलेल्या बाजूला एरंडेल मिळत राहिले आणि दुसऱ्या बाजूला मिळेनासे झाले.

जर्मनीची नाकेबंदी झाल्यावर तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी पर्याय शोधले. त्यांतला एक ‘व्होल्टॉल’. मेदतेले आणि खनिज तेले यांवर विजेचा मूक विसर्ग सोडून रेणू एकमेकांना जोडायचे आणि तेल दाट करायचे, अशी ती कृती. कल्पना हुशारीची होती. दाटपणा आणता आला, एरंडेलाची बरोबरी मात्र करता आली नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात ओबरउर्सेल बनावटीची फिरती इंजिने अशा बदली तेलावर तापून बंद पडू लागली. फोकरची तीन पंखांची आणि नंतरची एका पंखाची विमाने याच इंजिनांवर उडत. हवेत इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दोस्तांच्या बाजूलाही चिंता होतीच. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा तिला हे तेल अपुरे पडणार हे दिसले. आशियातून बियाणे मागवून सुमारे १ लाख एकरांवर एरंड लावण्याची योजना सैन्याने आखली. फ्लोरिडासारख्या दमट भागात १९१८ मध्ये एरंडाच्या घोसांवर करड्या बुरशीचा रोग पडला आणि पिकाचे मोठे नुकसान झाले. उकिरड्यावर आपोआप वाढणारे झाड शेतात लावले, की त्याचे नखरे सुरू होतात, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. दरम्यान अमेरिकी तंत्रज्ञांनी स्थिर सिलिंडरांच्या लिबर्टी इंजिनासाठी चांगले खनिज तेल तयार केले. युद्ध संपल्यावर फिरती इंजिनेच मागे पडली. तेल आणि पेट्रोल फार खाणारी, मिनिटाला तेराशे फेऱ्यांच्या पुढे फारशी न जाणारी आणि वळताना भोवऱ्यासारखी विमानाला भलतीकडे ढकलणारी ती इंजिने होती.

मोटारसायकलींत मात्र एरंडेल टिकून राहिले. इंग्लंडमध्ये १९२८ पासून लोकप्रिय झालेल्या स्पीडवे शर्यतींत मोटारसायकली मेथॅनॉलवर चालतात. मेथॅनॉल आणि एरंडेल यांचे जमते हे वरच्या अल्कोहोलच्या प्रयोगावरून लक्षात आले असेलच. त्या मैदानांवरचा वास हा याच जोडीचा. टू-स्ट्रोक इंजिनात गोष्ट पुन्हा उलटते. राजदूत किंवा येझदी चालवलेल्या वाचकांना आठवत असेल, की पेट्रोल भरताना त्यातच ऑइल मिसळावे लागे. इथेही मिश्रण क्रँककेसमधूनच जाते, म्हणजे मांडणी फिरत्या इंजिनासारखीच. पण इथे तेल पेट्रोलमध्ये विरघळलेले असले, तरच ते सगळीकडे पोचते. निव्वळ एरंडेल घातले आणि गाडी थंडीत रात्रभर उभी राहिली, तर ते टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसते आणि सकाळी इंजिनाला आधी नुसते तेल आणि मग नुसते पेट्रोल मिळते. म्हणून शर्यतीच्या टू-स्ट्रोक गाड्यांसाठी एरंडेलावर प्रक्रिया करून किंवा त्यात कृत्रिम तेले मिसळून ते विकले जाते. एका इंजिनात जो गुण, तोच दुसऱ्यात दोष.

रोजच्या गाडीत ते न वापरण्याचे कारण आणखी वेगळे आहे. तापलेल्या एरंडेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा चिकट, वार्निशसारखा थर पिस्टनच्या कड्यांवर बसतो. शर्यत संपली, की लगेच तेल काढून टाकायचे आणि ते खनिज तेलात कधी मिसळायचे नाही, असा दंडक त्यामुळेच पडला.

राहिला वासाचा प्रश्न. रिसिनोलिक आम्ल खूप तापवले, की साखळी तुटते आणि ती तुटते नेमकी त्या हायड्रॉक्सिल गटाशेजारी. दोन तुकडे पडतात. सात कार्बनांचा हेप्टानाल आणि अकरा कार्बनांचे अनडिसायलेनिक आम्ल. हेप्टानालला तेलकट, फळासारखा तीव्र वास असतो. ग्लिसरॉलच्या भागातून डोळ्यांना झोंबणारा अॅक्रोलिन निघतो, तळण करपले की येतो तोच. मोटारसायकलीच्या धुरात गोडसर आणि उग्र यांचा जो मेळ जाणवतो, त्यात अशा अल्डिहाइडांचा वाटा मोठा असणार. हाच हेप्टानाल बेंझाल्डिहाइडबरोबर जोडला, की चमेलीच्या वासाचा अमिल सिनॅमाल्डिहाइड बनतो आणि तो साबणांत, अत्तरांत वापरतात.

अनडिसायलेनिक आम्लाचाही उपयोग होतो. त्वचेवरच्या बुरशीवर ते औषध म्हणून लावतात आणि त्याच्यापासून नायलॉन ११ हे प्लास्टिक तयार करतात. हा नायलॉन पेट्रोलला दाद देत नाही, म्हणून वाहनांच्या इंधनाच्या नळ्या त्याच्या करतात. जगात एरंडीचे सर्वांत जास्त उत्पादन आज भारतात होते आणि त्यातले बहुतांश गुजरातेत. म्हणजे मोटारींच्या पेट्रोलचा वास बाहेर येऊ न देणाऱ्या अशा नळ्यांत पुष्कळदा आपल्या शेजारच्या राज्यातली एरंडी असते.