लिलाव

औंढा नागनाथकडची हळद वसमतच्या बाजारात उतरली, की ढिगाभोवती घोळका जमतो. कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग बोली चढू लागते. या 'लिलावा'चं मूळ पोर्तुगीज 'लेइलांव'. त्याच्याही मागे अरबी 'इलाम', म्हणजे जाहीर करणं. दवंडीचंच भावंड म्हणा ना!

लिलाव रेडिओलहरींचाही होतो. त्या मात्र हळकुंडासारख्या मोडून बघता येत नाहीत. त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. २०१२ मध्ये टू-जीचे १२२ परवाने रद्द केले आणि स्पेक्ट्रमला, म्हणजे या लहरींच्या पट्ट्यांना, लिलावाची वाट दाखवली. पण विकली हळद परत येत नाही, स्पेक्ट्रम येतो. २०२२ च्या लिलावात मिळाला तो २० वर्षांचा वापरहक्क. म्हणून 'स्पेक्ट्रमची विक्री' लिहिणाऱ्या वकिलाच्या मसुद्यावर मी तरी लाल रेघ ओढीन. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही लिलाव हा नियम. उपग्रहसेवा, हवामान अंदाज यांसारखे अपवाद पहिल्या अनुसूचीत.

औंढ्याजवळच लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. ती टिपणार गुरुत्वलहरी. त्यांना ना परवाना, ना बोली.