सल्ल्याचे दुकान आणि वर्गाची पायरी

बाबासाहेबांच्या चरित्रातला १९१७ ते १९२० हा काळ आपल्याकडे दोन-चार ओळींत उरकला जातो. बडोद्याची नोकरी, पारशी विश्रामगृहातून झालेली हकालपट्टी, मग सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी आणि लगेच लंडन. बडोद्याचा अपमान आपल्याला पाठ असतो. परंतु बडोदा आणि सिडनहॅम यांच्यामध्ये मुंबईत एक धंदा उभा राहिला आणि बुडाला, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. मला ती जागा थांबून पाहण्याजोगी वाटते.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले ते मुख्यतः अर्थशास्त्र. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था हा त्यांच्या १९१५ च्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय. सयाजीराव गायकवाडांच्या मनात त्यांना पुढे बडोद्याचे अर्थमंत्री करावे असे होते. अनुभवासाठी आधी लष्करी सचिवाचे पद दिले, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकीत. राजाची इच्छा शिपायाच्या हातापर्यंत पोचली नाही.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअरच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारी कंपनी काढली. सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा महार आहे हे कळताच ते येईनासे झाले, आणि कंपनी बंद पडली.

पैशाला जात नसते असे अर्थशास्त्राची पुस्तके आम्हाला शिकवतात. शेअरचा भाव म्हणजे आकडा. त्याला विटाळ कसला? इथे पाण्याचा प्रश्न नव्हता, भाकरीचा नव्हता, उंबरठ्याचाही नव्हता. मग गिऱ्हाईक का फिरले? माझ्या मते कारण असे, की सल्ला घेणे म्हणजे समोरच्याची बुद्धी आपल्यापेक्षा सरस आहे हे कबूल करणे. महाराने झाडलेला रस्ता चालत होता. महाराने सांगितलेला नफा चालत नव्हता!

आमच्या कोल्हापुरात याच सुमारास याच्याशी ताडून पाहावी अशी एक गोष्ट घडली. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत आणि बरोबरच्या लोकांनाही पाजीत. गंगारामांच्या दुकानामागे छत्रपती उभे होते. मुंबईच्या शेअरबाजारात असा छत्रपती नव्हता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या ओळखीचा उपयोग झाला. नेमणूक तात्पुरती, पगार साडेचारशे. म्हणजे हे काही अध्यापनाच्या ओढीने उचललेले पाऊल नव्हते, लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पैसा हवा होता. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतलीच. विद्यार्थीही आधी बेफिकीर होते. पण पुढे दुसऱ्या कॉलेजांतील मुले परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना बसू लागली. जो सल्ला बाजाराने नाकारला, तो ऐकायला वर्ग भरू लागला. सहकाऱ्यांचे भांडे मात्र होते तिथेच राहिले, हेही विसरू नये.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. सरकारी कॉलेजातील नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. मार्चमध्ये बाबासाहेबांनी नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात, २१ व २२ तारखांना, आमच्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. जुलैत साठवलेला पगार, नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते लंडनला निघाले. (बडोद्याच्या पारशांची हकीकत सांगताना भथेनांचे नाव गाळू नये.)

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली असे आपले वक्ते सभांतून ठोकून देतात. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, हे खरे आणि पुरेसे आहे. त्यानंतरही, १९२५ ते १९२८ या काळात, ते बाटलीबॉयच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. ज्या पेढ्यांनी त्यांना दारात उभे केले नसते, त्यांचे भावी हिशेबनीस त्यांच्यापुढे बसून टिपणे घेत होते. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५३ ला वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. घरातला पहिला पदवीधर मी. सहा वर्षे एका पतसंस्थेत कर्जखात्यावर होतो. ठेवी मागायला दुसरे जात, वसुलीला मला पाठवत, आणि तीही आमच्याच वस्तीत. ते सोडून तासिका तत्त्वावर कॉलेजात आलो तेव्हा पगार निम्म्याहून कमी झाला. आई महिनाभर बोलली नाही. परवा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी बँकेच्या परीक्षेचा अर्ज घेऊन आली. म्हणाली, "सर, तुम्ही सोडलंत ते मी का धरू?" मी तिला सिडनहॅमचे साडेचारशे आणि ते कशासाठी साठवले ते सांगितले. मग आम्ही दोघांनी बसून तो अर्ज भरला.